भास्कराचार्य: सूत्र लिहिलं, कॉमेंटही लिहिली

आजचा लेख नऊशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या एका माणसाबद्दल आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण त्या चुकीमुळेच मी या माणसापर्यंत पोचलो.

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथं कंत्राटी कामगारांच्या पगाराचं सॉफ्टवेअर होतं. काही महिने कामगारांच्या पगारातून १० टक्के रक्कम चुकून कापली गेली होती आणि ती परत द्यायची होती. रेकॉर्डमध्ये फक्त हातात पडलेला पगार होता. त्यावरून मूळ पगार काढायचा, एवढंच काम. मी पायथनमध्ये एका ओळीत फंक्शन लिहिलं. व्हेरिएबलची नावं एकेका अक्षराची, कॉमेंट शून्य. रिव्ह्यू करणाऱ्यानं वरवर बघितलं अन् पास केलं. मला तर त्या ओळीचा अभिमानच वाटत होता.

दोन-तीन महिन्यांनी मी सुटीत गावी, चुडाव्याला आलो होतो. रात्री ऑफिसमधून फोन आला. एका कामगारानं कागदावर हिशोब मांडून दाखवला होता की त्याला प्रत्येक महिन्याचे १०० रुपये कमी मिळालेत. घरात रेंज नीट येत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसलो आणि स्वतःचीच ओळ वाचायला लागलो. ती मलाच कळेना. तासाभरानं उजेड पडला. कापलेले १० टक्के हे मूळ १०,००० रुपयांचे होते. मी परत मिळवले ते उरलेल्या ९,००० रुपयांचे. म्हणजे ९,९०० झाले, १०,००० नाही!

शाळेतल्या पोराला समजावी अशी चूक. पण ती ओळ कुणी वाचूच शकत नव्हतं, म्हणून ती चूक कुणाला दिसलीही नाही.

पुढं प्रा. ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ हातात पडलं आणि मी चाटच पडलो. नेमकी हीच चूक होऊ नये म्हणून भास्कराचार्यांनी ११५० मध्ये वेगळा नियम लिहून ठेवलाय. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. आपण सगळे त्यांना ‘थोर गणिती’ म्हणून ओळखतो. मला मात्र ते दुसऱ्याच एका कारणासाठी आपले वाटायला लागले: आपलं लिखाण पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे, याची काळजी त्यांनी जन्मभर घेतली.

जन्मसालसुद्धा कोडमध्ये

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, पण आकड्यांत नाही, शब्दांत. त्या काळी ग्रंथ श्लोकात लिहायचे आणि श्लोकात आकडा बसवायचा तर त्याच्या जागी एखादी वस्तू वापरायचे. रस सहा, म्हणून रस म्हणजे ६. गुण तीन, म्हणून ३. पूर्ण म्हणजे शून्य. पृथ्वी एकच, म्हणून १. हे आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, की झालं १०३६.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे मुद्दाम अवघड केल्यासारखं वाटतं. पण कारण समजून घ्या. तेव्हा ज्ञान साठवायची मुख्य जागा म्हणजे माणसाची स्मरणशक्ती. मेमरी कमी, म्हणून लिखाण आटोपशीर. शिवाय नक्कल करताना आकडा सहज चुकतो, पण वृत्तात बसलेला शब्द चुकला तर चाल मोडते आणि चूक कानाला लगेच कळते. आज आपण डेटा पाठवताना चेकसम लावतो, तसंच काहीसं.

म्हणजे श्लोक हे त्या काळच्या ‘हार्डवेअर’साठी लिहिलेलं होतं. प्रश्न एवढाच की असं दाबून बसवलेलं लिखाण वाचणाऱ्याला समजणार कसं?

ज्योतिषांचं घराणं

वडिलांचं नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विद्वान होऊन गेलेले. आपलं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेलं विज्जडवीड, असं भास्कराचार्य सांगतात. ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. कुणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात, कुणी कर्नाटकातलं विजापूर. पाटणच्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे, त्याकडे आपण पुढं येऊच.

सुरुवातीच्या कामातलं एक सांगण्यासारखं आहे. आठव्या शतकातल्या लल्ल नावाच्या ज्योतिषाच्या ग्रंथावर त्यांनी टीका लिहिली. ‘टीका’ म्हणजे नावं ठेवणं नव्हे, ओळीनं अर्थ उलगडून सांगणं. आपल्या भाषेत, दुसऱ्याचा जुना कोडबेस नीट वाचून त्यावर डॉक्युमेंटेशन लिहिणं. जे काम आपण नवीन नोकरीत नाक मुरडत करतो, ते त्यांनी मन लावून केलं.

लीलावती: नियम, उदाहरण, मांडणी, उत्तर

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती (अंकगणित आणि भूमिती), बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

लीलावती त्यांची मुलगी होती, मुहूर्ताच्या घटिकापात्रात मोती पडून तिचं लग्न हुकलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही.

मूळ ग्रंथात जे आहे ते मला जास्त भारी वाटतं. आधी नियम येतो, मग त्याचं उदाहरण, मग आकडे कसे मांडायचे ते (याला ‘न्यास’ म्हणतात) आणि मग उत्तर. आज पायथनमध्ये फंक्शनच्या वर्णनात उदाहरण आणि अपेक्षित उत्तर लिहिलं की डॉकटेस्ट ते चालवून तपासतं. लीलावतीची रचना वेगळी काय आहे?

आता माझ्या चुकीशी जोडलेला नियम बघू. उत्तर दिलंय, त्यावरून सुरुवातीची संख्या शोधायची. पद्धत सोपी: शेवटून सुरुवात करा आणि प्रत्येक क्रिया उलटी करा. लीलावतीतलं गणित साध्या मराठीत असं: एका संख्येला ३ नं गुणलं. आलेल्या उत्तरात त्याचाच पाऊण भाग मिळवला. ७ नं भागलं. त्यातून त्याचाच तिसरा भाग वजा केला. वर्ग केला. ५२ वजा केले. वर्गमूळ काढलं. ८ मिळवले. १० नं भागलं. उत्तर २ आलं. मूळ संख्या कोणती?

उलटं जाऊ:

२ × १० = २०
२० − ८ = १२
१२ चा वर्ग = १४४
१४४ + ५२ = १९६
१९६ चं वर्गमूळ = १४
१४ मध्ये त्याचा अर्धा भाग मिळवा = २१
२१ × ७ = १४७
१४७ मधून त्याचे तीन सप्तमांश वजा करा = ८४
८४ ÷ ३ = २८

सहावी आणि आठवी पायरी नीट बघा. तिसरा भाग वजा केला होता, पण परत मिळवताना अर्धा मिळवलाय. पाऊण भाग मिळवला होता, पण परत वजा करताना तीन सप्तमांश वजा केलेत. कारण मधल्या काळात ‘पूर्ण’ म्हणजे किती, तेच बदललंय. भास्कराचार्यांनी या प्रकारासाठी वेगळा नियम दिलाय: स्वतःचाच भाग मिळवला असेल तर उलट जाताना छेदात अंश मिळवा, वजा केला असेल तर छेदातून अंश वजा करा, आणि मग क्रिया उलटी करा. एक दशांश वजा झाला असेल, तर परत मिळवायचा एक नवमांश. ९,००० चा एक नवमांश १,०००. झाले १०,०००!

प्रोग्रामर ज्याला एज केस म्हणतो, ती त्यांनी नियमातच वेगळी काढून दाखवली. मी ती एका ओळीत गाडून टाकली होती.

व्हेरिएबलना रंगांची नावं

बीजगणितात अज्ञात संख्या अनेक असतात. त्यांना नावं काय द्यायची? भास्कराचार्यांच्या आधीपासून चालत आलेली एक पद्धत त्यांनी नीट वापरली. पहिली अज्ञात राशी यावत्-तावत्, पुढच्या राशींना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिलं अक्षर: या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. ऋण संख्या असेल तर अंकावर टिंब.

ही पण छोटी नावंच की, मग माझ्या एका अक्षरात वाईट काय? फरक हा की त्यांची नावं सगळ्या ग्रंथात एकसारखी आहेत आणि अर्थ आधी सांगितलेला आहे. माझ्या ओळीतल्या अक्षरांचा अर्थ फक्त माझ्या डोक्यात होता, आणि तोही तीन महिन्यांत पुसला गेला.

याच भागात चक्रवाल पद्धत आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ नं गुणायचं, १ मिळवायचा, आणि उत्तर पूर्ण वर्ग आलं पाहिजे. अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? उत्तर २२,६१,५३,९८०. तो पूर्ण वर्ग म्हणजे १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. फ्रान्सच्या फर्मानं १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींना हेच कोडं घातलं होतं. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षं आधी सोडवलेलं होतं, तेही पायरीपायरीनं, पुन्हा पुन्हा तीच क्रिया फिरवत, म्हणजे आपल्या लूपसारखं.

लल्लाचा कोड रिव्ह्यू

ज्या लल्लाच्या ग्रंथावर टीका लिहिली, त्याचीच एक चूक त्यांनी गोलाध्यायात उघड केली. चेंडूच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायला लल्लानं वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ असा नियम दिला होता. ७ व्यासाचा चेंडू घ्या. परीघ साधारण २२, वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८.५. लल्लाच्या नियमानं उत्तर येतं ८४७.

भास्कराचार्य नुसतं ‘चूक’ म्हणून थांबत नाहीत. ते असा पुरावा देतात जो कुणीही घरी करून बघेल: परिघाच्या निम्मा व्यास असलेलं गोल कापड कापा आणि चेंडूच्या अर्ध्या भागावर पांघरा. अर्धा चेंडू झाकून कापड उरतं. आपल्या चेंडूसाठी ते कापड ११ व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९५. अशी दोन कापडं मिळून १९० होतात आणि त्यातही सगळा चेंडू झाकून शिल्लक राहते. मग ८४७ येईल कुठून? त्यांचा नियम आहे परीघ गुणिले व्यास, म्हणजे १५४. आणि हा नियम का बरोबर, हे त्यांनी आवळ्यावरच्या रेघांसारखे गोलाचे उभे भाग पाडून दाखवलंय.

रिव्ह्यू असा असावा. चूक दाखवा, ती चूक पकडणारी टेस्ट द्या, दुरुस्ती द्या, आणि दुरुस्ती का चालते तेही सांगा.

स्वतःच्याच कोडवर कॉमेंट

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ग्रहगणित आणि गोलाध्याय या दोन भागांवर भास्कराचार्यांनी स्वतःच गद्यात भाष्य लिहिलं. त्याचं नाव ‘वासनाभाष्य’. इथं वासना म्हणजे उपपत्ती, नियमामागचं कारण. उपपत्ती माहीत नसलेल्या गणितीला जाणकारांच्या सभेत मान नसतो, असं त्यांचं मत होतं.

लक्षात घ्या, श्लोकात काय करायचं ते आहे आणि भाष्यात ते का करायचं ते आहे. आपण कोडमध्ये कॉमेंट लिहितो ती बहुतेक वेळा उलटी असते. खाली बेरीज केलेली, वर कॉमेंट: इथं बेरीज केली. ते तर दिसतंच आहे की! बेरीज का केली, ते कोण सांगणार?

१९८४ मध्ये डोनाल्ड कनुथ यांनी ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ची कल्पना मांडली: प्रोग्राम हा माणसानं वाचायच्या निबंधासारखा लिहावा, कोड आणि त्यामागचा विचार एकत्र असावा. वासनाभाष्य वाचताना तीच कल्पना आठवते.

पुढं वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. हे रोजच्या कामासाठीचं हातपुस्तक. पंचांग करणाऱ्याला दरवेळी सगळा सिद्धांत नको असतो, झटपट गणित हवं असतं. त्याच्यासाठी सोपी, आटोपशीर आवृत्ती. म्हणजे एकाच विषयाची तीन रूपं झाली: पाठ करणाऱ्यासाठी श्लोक, शिकणाऱ्यासाठी भाष्य, काम करणाऱ्यासाठी हातपुस्तक.

पाटणचा शिलालेख: मेंटेनन्सचं बजेट

आता त्या पुराव्याकडे येऊ. चाळीसगावजवळच्या पाटण इथं भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी गेला, आणि नातू चांगदेव हा राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्या मठाला शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०६-०७ च्या सुमारास, दान मिळालं.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे: वंशाची स्तुती, विद्वत्तेचं वर्णन. पण शेवटी, जिथं बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला द्यायचं, घाण्यामागं तेल द्यायचं, असा व्यवहार येतो, तिथं भाषा बदलून मराठी होते. का? कारण ते देणारा माणूस व्यापारी होता, तेली होता. त्याला जे करायचंय ते त्याच्या भाषेत पाहिजे.

या एका दगडानं मला प्रोग्रामिंग भाषांच्या भांडणाचं उत्तर दिलं. केनेथ आयव्हर्सन यांची एपीएल चिन्हांनी भरलेली, एक ओळ म्हणजे अख्खा श्लोक. १९५९ मध्ये घडायला लागलेली कोबोल धंद्याच्या हिशोबासाठी, म्हणून तिची वाक्यं साध्या इंग्रजीसारखी लांब. १९९१ ची पायथन ओळींच्या मोकळ्या जागेलासुद्धा नियम लावते, म्हणजे कोडची रचना डोळ्यांना दिसावी. प्रत्येकीचा वाचणारा वेगळा. आणि माझी चूक? ती वाचायला सगळ्यात सोपी म्हणून नावाजलेल्या पायथनमध्येच झाली. भाषा मदत करते, पण वाचणाऱ्याची आठवण लिहिणाऱ्यानंच ठेवावी लागते.

आपल्या पाथरीचा सूर्यपंडित

भास्कराचार्यांचे ग्रंथ पुढं कित्येक शतकं शिकवले गेले. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १८१७ मध्ये कोलब्रुकनं लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत नेलं.

पण परभणीकर म्हणून मला एका वेगळ्या नावाचा अभिमान आहे. चुडावा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, तर पाथरी पश्चिमेकडे. या पाथरीला जुन्या ग्रंथांत पार्थपूर म्हणत. तिथल्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाचा मुलगा सूर्यदास, ज्याला सूर्यपंडितही म्हणतात. यानं १५३८ मध्ये बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ आणि १५४१ मध्ये लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. चारशे वर्षांपूर्वीचा कोड आपल्या जिल्ह्यात कुणीतरी वाचत होता, समजून घेत होता, समजावून देत होता.

गंमत बघा, याच सूर्यपंडितानं एक विलोमकाव्य लिहिलं: सरळ वाचलं की रामाची कथा, अक्षरं उलटी वाचली की कृष्णाची. एवढी अवघड कसरत जमणारा माणूस! पण गणित समजावताना त्यानं ती कसरत दाखवली नाही, टीका लिहिली. हुशारी कुठं दाखवायची आणि कुठं आवरायची, हे त्याला ठाऊक होतं. मी पगाराच्या हिशोबात विलोमकाव्य लिहायला गेलो होतो.

मग मी काय केलं?

त्या रात्री गच्चीवर फक्त आकडा दुरुस्त केला होता. फरकाची रक्कम कामगारांना पुढच्या पगारात मिळाली. नंतर फंक्शन पुन्हा लिहिलं, लीलावतीच्या क्रमानं. इथं मराठीत देतो:

नियम: मूळ_पगार = हातातला_पगार ÷ (१ − कपातीचा_दर)
कारण: कपात मूळ पगारावर झालेली आहे, हातातल्या पगारावर नाही. म्हणून तेवढेच टक्के मिळवून चालणार नाही.
उदाहरण: हातातला पगार ९,०००, कपात १० टक्के. उत्तर १०,०००.

एका ओळीच्या तीन ओळी झाल्या. उदाहरणाची टेस्ट केली, ती प्रत्येक बदलानंतर आपोआप चालते.

तुम्हीही एक करून बघा. तुमची सहा महिन्यांपूर्वीची एखादी फाइल उघडा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाचायला द्या. तुम्ही काही बोलू नका. तो जिथं अडकेल तिथं कारण लिहा, म्हणजे कॉमेंट. जिथं चुकीचा अर्थ लावेल तिथं नाव बदला. जिथं त्याला खात्री वाटणार नाही तिथं उदाहरण द्या.

ती कंपनी मी कधीच सोडली. ते फंक्शन आजही तिथं चालत असेल तर पगाराचा हिशोब आता दुसरं कुणीतरी सांभाळत असणार. त्याला काही अडलं तर मला चुडाव्याला फोन करायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच त्या तीन ओळी लिहिल्या.